मैदान मोकळे, पॅव्हिलियन बंद : गोल्फ क्लबच्या दारातील स्त्री

१/
पाटणच्या खोऱ्यातून वाहणारी कोयना महाबळेश्वरात उगम पावते. १८२९ मध्ये मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी ही जागा साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून खंडाळा गावाच्या बदल्यात घेतली आणि तिथे साहेबांचे थंड हवेचे ठिकाण वसले. तिथल्या कड्यांची नावे पाहावीत : लॉडविक, एल्फिन्स्टन, आर्थर. जवळजवळ सगळी पुरुषांची. केट्स पॉइंटसारखे एखादेच वेगळे. ते माल्कम यांच्या मुलीवरून पडले असे सांगतात. कड्याला मुलीचे नाव देणे सोपे होते. क्लबच्या सदस्य-यादीत बाईचे नाव घालणे मात्र फार अवघड ठरले. त्या यादीचा इतिहास या धाग्यात गोल्फच्या वाटेने पाहायचा आहे.

२/
एक गैरसमज आधीच दूर करावा. पूर्वी स्त्रिया गोल्फ खेळत नव्हत्या, असे मुळीच नाही. त्या खेळत होत्या, स्पर्धा जिंकत होत्या, आपापल्या संस्थाही काढत होत्या. अडचण खेळण्याची नव्हती, ती नावाची होती. मैदानावर उतरणारी स्त्री कुणाच्या नावावर उतरते? स्वतःच्या, नवऱ्याच्या, वडिलांच्या, की तिला बोलावणाऱ्या एखाद्या सदस्याच्या? गेल्या दीडशे वर्षांत गोल्फमधला झगडा या एका प्रश्नाभोवती फिरत आला आहे.

३/
प्रथम मैदानांचे प्रकार समजून घेऊ. सार्वजनिक मैदानावर कोणीही शुल्क भरून खेळू शकते. खासगी क्लबात फक्त सदस्य आणि सदस्यांचे पाहुणे खेळतात. या दोहोंच्या मधली जात अर्ध-खासगी मैदानांची. तिथे सदस्यांचा हक्क पहिला; पण ठरावीक वारी, ठरावीक वेळी बाहेरच्या खेळाडूला ‘ग्रीन फी’ भरून प्रवेश मिळतो. भारतात खऱ्या अर्थाने सार्वजनिक मैदाने थोडी आहेत. त्यामुळे बहुतेक नवख्यांना गोल्फची पहिली ओळख होते ती पाहुणे म्हणूनच. आणि पाहुण्याचे स्वागत कसे करायचे, हे नेहमी यजमान ठरवतो.

४/
हा खेळ इतर खेळांहून आणखी एका अर्थाने वेगळा आहे. अठरा होलांचा एक डाव म्हणजे चार तासांहून अधिक वेळ आणि सहा-सात किलोमीटरांची चाल. बॅडमिंटन तासाभरात आटोपते, टेनिस संध्याकाळी स्वयंपाकाआधी उरकता येते. गोल्फ मात्र अख्खी सकाळ मागतो. घरच्या कामात खंड पाडून चार तास उघड्या माळावर, केवळ स्वतःच्या आनंदासाठी चालणारी बाई हे दृश्य १९व्या शतकात इंग्लंडलाही पचत नव्हते, मग महाराष्ट्राची गोष्टच सोडा. म्हणून गोल्फमधल्या प्रवेशाचा प्रश्न हा बाईच्या वेळेचाही प्रश्न आहे.

५/
स्कॉटलंडमधले सेंट अँड्र्यूज हे गाव गोल्फची पंढरी मानले जाते. तिथे १८६७ मध्ये स्त्रियांचा स्वतंत्र क्लब स्थापन झाला. स्त्रियांच्या वाट्याला मुख्य मैदान आले नाही. आला उंचवट्या-खळग्यांचा एक छोटा तुकडा, जिथे चेंडू फक्त हळुवार ढकलून भोकात घालायचा. त्या उंचवट्यांवरून या जागेला नाव पडले ‘हिमालय’, आणि ते आजही चालू आहे. तिथे आज कोणीही थोडे पैसे भरून खेळू शकते. स्त्रियांसाठी म्हणून वेगळी काढलेली जागा पुढे सर्वांना खुली झाली आणि बंद राहिला तो पुरुषांचा क्लब, ही गंमत लक्षात ठेवण्याजोगी आहे.

६/
स्त्रियांना फक्त चेंडू ढकलायची मुभा का? कारण काठी खांद्याच्या वर नेणे हे त्या काळच्या समजुतीनुसार कुलीन स्त्रीला न शोभणारे होते. १८९० मध्ये निघालेल्या ‘बॅडमिंटन लायब्ररी’च्या गोल्फवरील ग्रंथात लॉर्ड वेलवुड यांनी स्त्रियांचा फटका साधारण सत्तर-ऐंशी यार्डांपुढे जाऊ नये असे सुचवले. तेवढी ताकद स्त्रियांत नाही असे त्यांचे म्हणणे नव्हते. त्याहून लांब फटका मारायचा तर काठी खांद्यावर उचलावी लागते आणि स्त्रियांच्या पोशाखात ते बरे दिसत नाही, हे त्यांचे कारण होते. म्हणजे अंतराची मर्यादा शरीराने घातलेली नव्हती. ती पाहणाऱ्याच्या नजरेने घातलेली होती.

७/
तीनच वर्षांनी, १८९३ मध्ये, इसेट पियर्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटनमध्ये ‘लेडीज गोल्फ युनियन’ काढली. त्याच वर्षी पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली आणि लेडी मार्गारेट स्कॉट विजेत्या ठरल्या. या संघटनेने केलेले सर्वांत मोलाचे काम फारसे कुणाला ठाऊक नसते. वेगवेगळ्या क्लबांतल्या खेळाडूंची तुलना न्याय्य व्हावी म्हणून देशभर एकच हँडिकॅप पद्धत लावण्यात स्त्रियांची ही संघटना पुरुषांच्या पुढे होती. ज्यांना क्लबच्या कारभारात मत नव्हते, त्यांनी खेळाचा हिशेब आधी नीट लावला.

८/
आता भारताकडे. ब्रिटनबाहेरचा सर्वांत जुना गोल्फ क्लब कोलकात्यात १८२९ मध्ये स्थापन झाला. म्हणजे माल्कम पेठ वसली त्याच वर्षी. मुंबईत १८४२ मध्ये गोल्फ क्लब निघाल्याची नोंद आहे. पुढे इंग्रजी अमदानीत नाशिकला ‘रॉयल वेस्टर्न इंडिया गोल्फ क्लब’ होता आणि मुंबई इलाख्यातले अधिकारी तिथे खेळायला जात. आज नाशिकमध्ये जिथे रणजी करंडकाचे सामने होतात, त्या मैदानाला गावातली जुनी माणसे अजून ‘गोल्फ क्लब’ म्हणतात. अधिकृत नाव मात्र हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. २१ डिसेंबर १९०९ रोजी कलेक्टर जॅक्सनवर गोळी झाडणाऱ्या तरुणाचे नाव कलेक्टरांच्याच खेळाच्या नावावर येऊन बसले आहे.

९/
या क्लबांचा स्वभाव कळला नाही तर पुढची गोष्ट उमगणार नाही. मुंबईचा भायखळा क्लब १८३३ चा, बॉम्बे जिमखाना १८७५ चा, महाबळेश्वर क्लब १८८१ चा. राज्यकर्त्यांसाठी क्लब म्हणजे परक्या देशातले आपले घर. तिथे बदल्या, बढत्या आणि सोयरिकी ठरत. भायखळा क्लब आणि बॉम्बे जिमखान्यासारख्या ठिकाणी भारतीय माणूस नोकर म्हणून आत जाऊ शके, सदस्य म्हणून नाही. त्याच काळात गोऱ्या स्त्रीलाही पुरा प्रवेश नव्हता. अनेक क्लबांत बायकांसाठी वेगळी खोली किंवा वेगळा कोपरा असे. साहेब लोक त्याला थट्टेने ‘मुर्गीखाना’ म्हणत. मुर्गीखाना म्हणजे कोंबड्यांचे खुराडे.

१०/
गोऱ्या स्त्रीची ही अवस्था विचित्र होती. रंगाने ती राज्यकर्त्यांच्या पंगतीला, आणि बाई म्हणून पंगतीच्या शेवटच्या पाटावर. मैदानावर ती उतरे ती अमक्या मेजरची पत्नी, तमक्या कलेक्टरची बहीण म्हणून. नवऱ्याची बदली झाली की तिचा क्लबही बदले. तो निवर्तला की तिचे स्थान समितीच्या मर्जीवर येई. सर्वसाधारण सभेत तिला मत नसे. हा नियम केवळ गोल्फपुरता नव्हता. आपल्याकडच्या सातबाऱ्यावर बाईचे नाव लागण्याची कहाणी ज्यांनी ऐकली आहे, त्यांना ही रीत लगेच ओळखू येईल. वहिवाट तिची, नाव दुसऱ्याचे.

११/
या कोंडीतून निघण्याच्या दोन वाटा होत्या. पहिली म्हणजे आपले वेगळे अंगण आखणे. कोलकात्याच्या मैदानावर १८९१ मध्ये स्त्रियांचा स्वतंत्र ‘लेडीज गोल्फ क्लब’ निघाला. मुंबईत २०व्या शतकाच्या आरंभी ‘प्रिन्सेस व्हिक्टोरिया मेरी जिमखाना’ ही खास स्त्रियांची संस्था उभी राहिली. तिथे गोल्फ नव्हता. पण पडद्यातून आणि घरातून बाहेर पडणाऱ्या बायकांना खेळायला, भेटायला हक्काची जागा होती. तिथे बाई कुणाची पाहुणी नव्हती. सदस्यत्व तिच्याच नावाचे होते.

१२/
दुसरी वाट म्हणजे सर्वांच्या मैदानात शिरणे. तिची सुरुवात टेनिसने झाली. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई पारशी पद्धतीची साडी नेसून टेनिस खेळत आणि स्पर्धा जिंकत. त्यामागे एक उत्तर होते. खेळायचे तर पोशाख बदलावा लागेल, पोशाख बदलला तर कुळाची रीत मोडेल, म्हणून खेळूच नये, अशी एक साखळी समाजाने बाईभोवती घातली होती. मेहेरबाईंनी तिची पहिली कडीच काढून टाकली. साडीत फटका मारता येतो हे लोकांनी डोळ्यांनी पाहिल्यावर पुढचा युक्तिवाद आपोआप लुळा पडला.

१३/
याच वाटेवर मराठी घरातली एक मायलेकींची जोडी भेटते. वेदाभ्यासक शंकर पांडुरंग पंडित यांची कन्या पंडिता क्षमाबाई राव या संस्कृत कवयित्री होत्या. ‘सत्याग्रहगीता’ त्यांचीच. त्या टेनिसही खेळत. त्यांची मुलगी लीला राव हिने १९३४ मध्ये विम्बल्डनला ग्लॅडिस साउथवेल या खेळाडूला हरवले आणि विम्बल्डनमध्ये सामना जिंकणारी ती पहिली भारतीय स्त्री ठरली. ज्या देशातल्या अनेक क्लबांत तिच्या वडिलांनाही दार बंद होते, त्या देशाची मुलगी क्लबांच्या माहेरघरी जाऊन जिंकली.

१४/
मग सातारा-सांगलीच्या पट्ट्यात काय चालले होते? इथे गोल्फ नव्हता, पण स्त्रीच्या शरीराचा प्रश्न होताच. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा ध्यास घेतला आणि संस्थानातल्या शाळांत मुलांबरोबर मुलींनाही ते घालायला लावले. स्वतःच्या राण्या आणि मुलीही त्यांच्यासोबत नमस्कार घालत. त्यांचे ‘द टेन-पॉइंट वे टु हेल्थ’ हे पुस्तक १९३८ मध्ये लंडनहून निघाले. बाईने अंग मोडून व्यायाम करावा, हे कऱ्हाड-खटावकडच्या माणसाला तेव्हा ऐकायला मिळाले ते औंधकडून. मात्र ही मुभा शाळेच्या आणि वाड्याच्या अंगणापर्यंत होती. उघड्या मैदानाचा प्रश्न पुढे राहिला.

१५/
वंशाची भिंत आधी खचली. मुंबईत १९१७ मध्ये गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या पुढाकाराने ‘विलिंग्डन स्पोर्ट्स क्लब’ निघाला. भारतीय पाहुण्यांना गोऱ्यांच्या क्लबात नेता येईना, म्हणून त्यांनी दोघांसाठी खुला क्लब काढला, अशी गोष्ट सांगतात. तिथे गोल्फचे मैदान होते. १९२७ मध्ये चेंबूरला ‘बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब’ सुरू झाला. भारतीय पुरुष आता गोल्फच्या हिरवळीवर आला आणि त्याच्यामागून संस्थानिक, पारशी आणि अधिकारी घराण्यांतल्या स्त्रियाही आल्या. पण पत्नी, मुलगी, पाहुणी ही जुनी रीत क्लबाबरोबर वारशाने आली. मालक बदलला, वहीचे रकाने तेच राहिले.

१६/
‘खेळायला ये, पण आत येऊ नकोस’ ही वागणूक महाराष्ट्राला गोल्फमुळे कळली असे नाही. पुण्याच्या गोऱ्यांच्या क्लबात पळवणकर बाळू हा चर्मकार समाजातला तरुण खेळपट्टी राखायचा आणि साहेबांना सरावासाठी गोलंदाजी टाकायचा. तासन्‌तास गोलंदाजी करूनही त्याच्या हाती कधी बॅट दिली गेली नाही. पुढे पुण्याच्या हिंदू संघाने त्याला घेतले, कारण त्याच्याशिवाय जिंकणे कठीण होते. पण चहाच्या वेळी सहकारी पॅव्हिलियनमध्ये बसत आणि बाळूला बाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळे. चेंडूला विटाळ नव्हता, कपाला होता.

१७/
जात आणि लिंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांच्या यातना एका मापाने मोजू नयेत. तरी रचना सारखी दिसते. मैदान आणि पॅव्हिलियन यांच्यामध्ये एक उंबरठा असतो. मैदानावर कौशल्य लागते, म्हणून तिथे दार किलकिले करावेच लागते. पॅव्हिलियनमध्ये बरोबरी लागते, म्हणून ते शेवटपर्यंत बंद राहते. एखाद्या संस्थेत खरा प्रवेश कुणाला आहे हे पाहायचे असेल, तर खेळणाऱ्यांची यादी पाहून भागत नाही. चहा कोण कुठे बसून घेतो आणि सभेत हात कोण वर करतो, हे पाहावे लागते.

१८/
संविधान सभेत हा उंबरठा चर्चेला आला होता. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी भेदभावास मनाई करणाऱ्या मसुदा-अनुच्छेदावर चर्चा झाली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यातल्या ‘दुकान’सारख्या शब्दांचा अर्थ व्यापक असल्याचे स्पष्ट केले. आजचा अनुच्छेद १५(२) सांगतो की धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून कोणत्याही नागरिकाला दुकाने, उपाहारगृहे, सार्वजनिक करमणुकीची ठिकाणे यांत मज्जाव करता येणार नाही. सरकारी पैशाने राखलेल्या किंवा जनतेसाठी वाहिलेल्या विहिरी, तळी, घाट, रस्ते आणि सार्वजनिक जागा यांनाही तो लागू आहे. या ओळींमागे महाडचे चवदार तळे आहे, हे सांगायला नको.

१९/
पण त्याच संविधानाचा अनुच्छेद १९(१)(ग) नागरिकांना संघटना स्थापन करण्याचे स्वातंत्र्य देतो. आपल्या मंडळात कुणाला घ्यायचे हे ठरवण्याची मुभा त्यात येते, असा खासगी क्लबांचा युक्तिवाद असतो. म्हणून अर्ध-खासगी मैदान ही कायद्याच्या दृष्टीने मोठी मजेदार जागा आहे. पैसे घेऊन बाहेरच्यांना आत सोडताना ते दुकानासारखे वागते. सदस्य निवडताना ते घरासारखे वागते. ग्रीन फी भरणारी स्त्री दुकानात आलेली ग्राहक, की घरी आलेली पाहुणी? याचे उत्तर क्लबागणिक, वारागणिक बदलत आले आहे.

२०/
स्वातंत्र्यानंतर भारतीय स्त्री-गोल्फपटूंनी नाव काढले. सीता रॉली यांना १९७७ मध्ये आणि नोनिता लाल कुरेशी यांना १९८७ मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला. राष्ट्राने मानाचा पुरस्कार दिला, तरी जगातल्या खेळसंस्थांच्या बड्या वाड्यांचे दरवाजे उघडले नव्हते. १९८६ मध्ये भारताच्या महिला क्रिकेट संघाबरोबर इंग्लंडला गेलेल्या मुंबईच्या डायना एडुलजी यांना लॉर्ड्सच्या पॅव्हिलियनमध्ये प्रवेश नाकारला गेला. कारण एकच, त्या स्त्री होत्या. त्यांनी एमसीसीच्या नावातले शेवटचे अक्षर बदलून पुरुषी अहंकाराला शोभेल असे नवे नाव क्लबला सुचवले, आणि तो टोला क्रिकेटच्या इतिहासात कायमचा नोंदला गेला.

२१/
एमसीसीने स्त्रियांना सदस्यत्व द्यायचे ठरवले १९९८ मध्ये, स्थापनेनंतर २११ वर्षांनी. गोल्फ तर आणखी मागे राहिला. अमेरिकेतल्या ऑगस्टा नॅशनल क्लबने पहिल्या दोन स्त्रियांना सदस्य केले २०१२ मध्ये. सेंट अँड्र्यूजच्या ‘रॉयल अँड एन्शंट’ क्लबने १८ सप्टेंबर २०१४ रोजी मतदान घेऊन दार उघडले. क्लबला तेव्हा २६० वर्षे झाली होती. म्युअरफिल्डच्या सदस्यांनी २०१६ मध्ये ठराव फेटाळला, तेव्हा मोठ्या ‘ओपन’ स्पर्धेचे यजमानपद हातचे जाण्याची वेळ आली. पुढच्याच वर्षी फेरमतदानात ठराव मंजूर झाला. नीतीने जे जमले नाही ते यजमानपदाच्या धाकाने जमले.

२२/
ऑलिंपिकमध्येही हेच चित्र. १९०० च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची गोल्फ स्पर्धा झाली. नऊ होलांचा डाव ४७ फटक्यांत संपवून मार्गारेट अॅबट ही अमेरिकन तरुणी पहिली आली. तिची आई मेरी याच स्पर्धेत खेळली होती. आपण जिंकलेली स्पर्धा ऑलिंपिकची होती, हे मार्गारेटला कधीच कळले नाही. १९५५ मध्ये ती वारली. १९०४ मध्ये फक्त पुरुषांचा गोल्फ झाला आणि मग हा खेळच ऑलिंपिकमधून गेला. तो परतला २०१६ मध्ये, रिओला. स्त्रियांच्या गोल्फमध्ये मधला खंड ११६ वर्षांचा होता.

२३/
त्या रिओत १८ वर्षांची अदिती अशोक भारताकडून खेळली आणि वडील तिचे कॅडी होते. टोकियोत ती चौथी आली, पदक एका फटक्याने हुकले. तेव्हा बॅग आईच्या खांद्यावर होती. बेंगळुरूमध्ये सदस्य नसलेल्या कुटुंबातल्या मुलीलाही सराव करता येईल असे मैदान होते, म्हणून हा प्रवास सुरू झाला. रिओतच सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातील मोही गावची ललिता बाबर ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. पी. टी. उषानंतर ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीची ऑलिंपिक अंतिम फेरी गाठणारी ती पहिली भारतीय स्त्री. धावायला सदस्यत्व लागत नाही. माणदेशातल्या मुलीला रस्ता पुरतो. गोल्फच्या मुलीला आधी फाटक लागते.

२४/
आज महाराष्ट्रात चित्र पुष्कळ बदलले आहे. पुण्याच्या पूना क्लबच्या मैदानावर महिलांच्या व्यावसायिक गोल्फ टूरचे टप्पे झाले आहेत. हँडिकॅपमुळे नवशिकी आणि कसलेली खेळाडू, स्त्री आणि पुरुष, एकाच डावात न्यायाने खेळू शकतात. पूर्वी ज्याला ‘लेडीज टी’ म्हणत, ती पुढची लाल खुणांची जागा आता बऱ्याच ठिकाणी नुसती ‘फॉरवर्ड टी’ म्हणवली जाते, कारण वयस्क पुरुषांनाही ती सोयीची पडते. शब्द बदलला की हळूहळू रीतही बदलते.

२५/
तरी मैदानाकडे नीट पाहिले की आणखी एक बाई दिसते. सकाळी खेळणारे येण्याआधी हिरवळीवर ओळीने बसून खुरप्याने तण काढणाऱ्या बायका. गोल्फच्या मैदानावर यांच्या इतके तास कुणीच घालवत नाही. त्यांचे नाव हजेरीपटावर असते, सदस्य-यादीत नाही. स्त्रियांचा प्रवेश म्हणताना इतिहासात बहुधा सदस्यांच्या लेकी-सुनांची गोष्ट सांगितली जाते. ती खरी आहे, पण अर्धी. उरलेली अर्धी गोष्ट कॅडीची पोरे आणि तण काढणाऱ्या बायका यांच्याकडे आहे, आणि ती अजून फारशी लिहिली गेलेली नाही.

२६/
इतिहासाच्या विद्यार्थ्याने म्हणून एक सवय लावून घ्यावी. कुठल्याही जुन्या क्लबची, जिमखान्याची, अगदी आपल्या गावच्या तालमीची किंवा वाचनालयाची नियमपुस्तिका मिळाली तर ती वाचावी. ‘सदस्य’ या शब्दाची व्याख्या कोणत्या साली बदलली? ‘सदस्याची पत्नी’ हा रकाना कधी गेला? सभेत पहिला ठराव मांडणारी स्त्री कोण होती? करंडकांवरची नावे कुणी किती चांगले खेळले एवढे सांगतात. मैदान कुणाचे होते, हे सांगते ती ही धूळ खात पडलेली वही.